मापाचा फ्रॉक

आमच्याकडे लेकराचा कपडा कधी मापात शिवत नाहीत. शिंप्याकडे जा नाहीतर घरच्या मशीनवर बसा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वाढत्या अंगाचा शिवजो बरं!" म्हणजे खांदे उतरलेले, बाह्या कोपराखाली लोंबणाऱ्या आणि घेराला आतून चार बोटं दुमड. लेकरू उंच झालं की दुमड उसवायची, इस्त्री फिरवायची, की झाला कपडा नवा. मी स्वतः तिसरीचा फ्रॉक पाचवीपर्यंत घातला आहे. दुमड सोडली की आतला न विटलेला रंग पट्ट्यासारखा दिसायचा आणि वर्गातल्या पोरी त्यावरून मला चिडवायच्या. माय म्हणायची, "हसू दे. त्यांच्या मायले शिवता येत नाही म्हणून हसतात."

तर मी माझ्या लेकीसाठी काळा फ्रॉक शिवला तेव्हा झालरीच्या वर एकाखाली एक अशा तीन दुमडी घातल्या. मुद्दाम शोभेसाठी घातल्यासारख्या दिसत होत्या. मला कोण अभिमान वाटला होता! लेक तेव्हा दीड वर्षाची होती. तो फ्रॉक अमरावतीच्या आमच्या घरात, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात पडून राहिला आणि एकदाही तिच्या अंगावर चढला नाही. आता चढणारही नाही.

काळा फ्रॉक होता लुटीसाठी. पुण्याकडे त्याला बोरन्हाण म्हणतात, आमच्याकडे सरळ लूट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा. पाच वर्षांच्या आतलं लेकरू पाहिजे. त्याला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या आणि हल्ली चॉकलेटंही ओतायची. मग गल्लीतली सगळी पोट्टी तुटून पडतात आणि लुटून नेतात. लेकरू मधोमध बसून एकतर हसतं नाहीतर भोकाड पसरतं. दहा मिनिटांचा कार्यक्रम. पण ज्या घरात लेकरू असतं त्या घराला तो व्हायलाच हवा असतो.

आमच्या घरात तो राहून गेला तो एका शब्दापायी.

लेकीचे बाबा विजेच्या मोठ्या लाइनचे टॉवर उभे करणाऱ्या कंपनीत आहेत. लाइन पुढे सरकते तसे तेही सरकतात. आज राजस्थानात, तर पुढच्या वर्षी आसामात. लेक झाली तेव्हा ते कुठल्याशा डोंगरावर होते, आणि घरी आले ते ती मान धरायला लागल्यावर. बारसं होऊन गेलं होतं. लेकीला मांडीवर घेऊन ते बसले, तिच्या मुठीत त्यांचं बोट होतं, आणि मला म्हणाले, "बारसं हुकलं माझं. लूट माझ्यादेखत कर. मी आल्याशिवाय करू नोको." मी हो म्हटलं. तेव्हा त्यांचा चेहरा पाहून कोणीही हो म्हटलं असतं.

पहिल्या संक्रांतीला लाइन चालू व्हायची होती, सुट्टी नाही. दुसऱ्या संक्रांतीला ते निघाले, पण घरी पोचले ते रथसप्तमी उलटल्यावर. तिसऱ्याला साहेबांनी सुट्टी दिली आणि परत काढून घेतली. चौथ्या संक्रांतीला ते आले बाप्पा! वेळेवर आले, बोरांची पिशवी घेऊनच आले. तर दुसऱ्या दिवशी चुलत सासरे वारले आणि घराला सुतक लागलं. सुतक फिटायच्या आत सुट्टी संपली. ती बोरं कोणी खाल्ली मला आठवत नाही.

आणि दर संक्रांतीला मी आपली शहाण्यासारखी कपाटातून फ्रॉक काढायची, लेकीला अंगाला लावून पाहायची आणि एक दुमड उसवून ठेवायची. तयारी असलेली बरी म्हणून.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. रोज संध्याकाळी फोन करतात. रेंज नसली तर टेकडीवर चढून करतात. लेकीशी बोलताना आवाज असा काही मऊ होतो की सासूबाई म्हणतात, "माह्याशी बोलते तवा काहून घसा बसते याचा?" पण फोनवरचा बाप आणि पाटाशेजारी उभा असलेला बाप यात फरक आहे, आणि तो फरक लेकरालाच जास्त कळतो.

या वर्षी संक्रांत झाल्यावर शेजारच्या घरी लूट होती. लेक गेली आणि ओटी भरून बोरं घेऊन आली. मी भाकरी करत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकेक बोर दाताने उकलत म्हणाली, "आई, माझी लूट कधी झाली होती?"

"व्हायची आहे तुझी."

"मी मोठी झाल्यावर?"

"हो."

तिने जरा विचार केला. "पण मोठ्या पोरींची करत नाहीत ना?"

भाकरी तव्यावर करपली. ती खरं बोलत होती. पुढच्या संक्रांतीला ती पाच वर्षांची होऊन वर काही महिने झाले असते. ही शेवटची होती. या रथसप्तमीपर्यंत झाली तर झाली, नाहीतर माझ्या पोरीची लूट झालीच नाही असं आयुष्यभर राहणार होतं.

त्याच दुपारी मी फ्रॉक काढला. शेवटची दुमड उसवली. लांबी बरोबर आली. मी खूश! म्हटलं, हात वर कर. तिने हात वर केले, मी फ्रॉक डोक्यावरून ओढला आणि तो छातीशी जो अडकला तो वर जाईना की खाली येईना. लांबीची सोय केली होती, पोरगी रुंदीलाही वाढते हे कोणाच्या लक्षात! तिचं तोंड काळ्या कापडात, दोन्ही हात वर, आणि आतून आवाज, "आई, मी दिसून नाही राहिली!" ती हसत होती. मी ओढून काढला तेव्हा काखेत टर्रकन उसवला. त्या आवाजाने मला इतका राग आला की काय सांगू! फ्रॉकचा नाही, लेकीचा नाही. तीन दुमडी घालून ठेवणाऱ्या त्या सगळ्या समजूतदारपणाचा राग आला. "बस झालं," मी मोठ्याने म्हटलं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय झालं वं?" मी म्हटलं, "लूट करायची आहे, आई. या वर्षी."

संध्याकाळी लेकीच्या बाबांचा फोन आला. मी सरळ विषयाला हात घातला.

"रथसप्तमीले लूट करून राहिली मी. तुमी या."

"येतो ना. येतोच या वेळी. पण समजा दोन दिवस मागंपुढं झालं तर..."

"तर नाही थांबणार."

तिकडे वारा ऐकू येत होता. "तू शब्द देला होता," ते म्हणाले.

"देला होता. चार संक्रांती पाळला. आता पोरगी पाच वर्षांची होते. आलात तर पाटाजवळची जागा तुमचीच हाये. पण लूट होईल."

ते हळूच म्हणाले, "बरं." त्या 'बरं'ने मला जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. पण मी माघार घेतली नाही.

आता कापड. बाजारात गेले तर काळं कापड एकतर टोचरं नाहीतर चमचम करणारं. घरी येऊन कपाट उघडून उभी राहिले, तर लेकीने खालच्या कप्प्यातली एक घडी ओढली आणि गालाला लावली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची काळी साडी. सासूबाईंनी दिलेली, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची, मऊसूत. एकदाच नेसलेली. त्या दिवशी लेकीचे बाबा घरी होते. लग्नापासून आजवर त्यांच्या वाट्याला आलेली तीच एक धड संक्रांत.

"ह्याचा," लेक म्हणाली.

मी कात्री घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"त्या साडीले कात्री लावतं? पहिल्या संक्रांतीची साडी हाये ते! सवाष्णीची! पोरगा माहा तिकडे तारेवर लटकून राहिला नि तू इथं साडी फाडून राहिली!"

"आई, साडी कपाटात ठेवली तरी तार तितकीच उंच राहते."

"तोंडाले कुलूप नाही तुह्या! बाप नाही नि लूट करायची म्हनते. लोकं काय म्हनतील?"

"लोकं मुरमुरे खातील नि घरी जातील."

त्या उठून मागच्या अंगणात गेल्या. रात्री जेवल्या, पण माझ्याशी नाही बोलल्या. मला वाईट वाटलं, कारण मला माहीत होतं, त्यांची भीती लोकांची नव्हती. इतक्या उंचावर चढणाऱ्या लेकाची होती, आणि ती भीती मलाही रोज असते. आम्ही दोघी ती एकमेकींना सांगत नाही, एवढंच. मी साडी न कापता पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बालवाडीला सुट्टी, मी तिथे शिकवते, आणि मला मशीनसाठी अकोल्याला मायकडे जायचंच होतं.

सकाळी निघताना पाहिलं तर पिशवीत साडीवर कागदाची एक पुडी. उघडली. जुनी, जरा काळवंडलेली जरीची किनार, नुकतीच उसवलेली, कडेला दोरे तसेच. सासूबाईंच्या स्वतःच्या संक्रांतीच्या साडीची. त्या चहाचा कप धुत माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "गळ्याले लावजो. नुसतं काळं बरं नाही दिसत." मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "चाल, सोंगं नोको करू, एसटी जाईल."

एसटीत लेक मांडीवर. मूर्तिजापूरला गाडी थांबली की तिला शेंगा लागतात, त्या खाल्ल्या आणि टरफलं माझ्या पदरात टाकली. अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला जरा आत आमच्या माहेरचा मळा आहे. शेवंती, झेंडू, कडेला थोडी भाजी. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची धामधूम असल्याने शेवंतीला उसंत नसते. माय पहाटे बाजारात फुलं देऊन आली होती आणि ओसरीवर उरलेल्या फुलांचे गजरे करत होती. मी साडी पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. मायने साडीला हात लावला, हातांना शेवंतीचा वास, आणि एवढंच म्हणाली, "मग काप. काय पाहतं?"

पहिली कात्री मीच लावली. दोनदा उचलून खाली ठेवली. पण लागली एकदाची, आणि मग नुसता कचकच आवाज.

मायकडे टेप कधीच नव्हता. तिचं माप वितीचं. लेकीला उभी केली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वीत टाकली, लेक गुदगुल्या होऊन वाकडी झाली, "सरळ उभी राय, बह्याडे" म्हणून परत टाकली. काळ्या कापडावर खुणा करायला साबणाची चपटी वडी. घेराची रेघ मी मारली, नेमकी गुडघ्यावर. तेवढ्यात लेकीला भूक लागली म्हणून मी तिला घेऊन आत गेले, वरणभात भरवला आणि परत आले. पाहते तर मायने घेर कापूनही टाकला होता, आणि माझ्या रेघेवर नाही. बाहेर, चार बोटं सोडून.

"माय, हे काय?"

"काय म्हंजे? वाढत्या अंगाचा नोको का?"

तिने काही मुद्दाम केलं नव्हतं. तिचा हात आपोआप बाहेर सरकला होता. उभा जन्म या बाईने एकही कपडा नेमका कापलेला नाही. आम्हा भावंडांचे फ्रॉक, चड्ड्या, झबली, सगळ्यात पुढच्या वर्षाची चार बोटं.

मी तिच्या हातातून कात्री घेतली आणि आतल्या रेघेवर कापायला लागले.

"अवं बह्याड झाली का? उन्हाळ्यात आखूड होईल तो!"

"होऊ दे."

"मंग? एका दिवसासाठी सवाष्णीची साडी वाया?"

"एका दिवसासाठीच शिवून राहिली मी, माय. मागचा फ्रॉक तू सांगितला तसा शिवला होता. तीन दुमडी. दरसाली पुढच्या वर्षाची तयारी करत गेली नि त्या त्या वर्षाचं राहून गेलं. आता एकही बोट जास्तीचं नाही ठेवणार."

माझा आवाज चढला होता. लेक दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती, तोंडाला वरण. कापून पडलेली ती चार बोटांची लांब पट्टी मायने उचलली, बोटाला गुंडाळली आणि म्हणाली, "हे टाकू नोको मंग. केसाले फित होते." आणि पुन्हा गजऱ्याला बसली.

शिवायला मी काही मोठी कारागीर नाही. रेशमी कापड मशीनच्या पायाखालून सटकतं, सुई मोडली, एक बाही उलटी लागली. माय दर वेळी "सरक, मी करतो" म्हणून उठायची आणि दर वेळी मी "हात नोको लावू" म्हणायची. शेवटी ती चिडून म्हणाली, "हाव बाप्पा, तुहीच पोरगी, तुहाच फ्रॉक, आमी कोन!" आणि चहा करायला गेली. बाही उसवून परत लावली. गळ्याला सासूबाईंची किनार लावली. काळ्यावर ती इतकी उठून दिसली की मीच बघत राहिले. घेराची तुरपाई तेवढी अमरावतीला नेऊन केली, बालवाडीहून आल्यावर दुपारी, हाताने, अगदी बारीक. आत वळवायला दोन पातळ पदर पुरतात तेवढंच कापड.

लूट मी रथसप्तमीलाच ठेवली. शेवटच्या दिवशी. म्हणजे वाट पाहिलीच की मी. इतकी काही दगड नाही.

त्या दिवशी सकाळी फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"तार ओढायचं काम अर्ध्यात हाये. सोडता नाही येत." मग जरा थांबून, "होळीपर्यंत नाही थांबता येत काय?"

"होळीले लूट नसते."

"हाव. माहीत हाये मले."

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही, कारण ते रडत नव्हते पण जवळपास तसंच होतं. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "आयक रे. चार वाजता फोन लावजो, मोबाइलमधून पाय. नाहीतर तेही हुकीन तुह्यानं." आणि ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय उभी राहिली? ऊस कापायचा हाये."

चार वाजता लेकीला फ्रॉक घातला. डोक्यावरून असा सर्रकन उतरला. खांदा खांद्यावर, बाही दंडावर, घेर बरोबर गुडघ्याला. कुठे लोंबत नव्हता, कुठे चोळामोळा नव्हता. मी पहिल्यांदाच तिला नेमक्या मापाच्या कपड्यात पाहत होते. केसाला काळी फित, गळ्यात हलव्याचा हार. ती स्वतःभोवती गिरकी घेऊन म्हणाली, "आई, हा माझाच आहे!" बाकीचे कपडे काय कोणाचे होते कोण जाणे, पण मला समजलं तिला काय म्हणायचं ते.

मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यात ते, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे नुसतं आभाळ. चित्र मधेच थिजायचं. पाटाजवळची जागा मी रिकामी ठेवली होती. सासूबाई थोडा वेळ त्या जागेकडे पाहत राहिल्या, मग स्वतः जाऊन तिथे उभ्या राहिल्या आणि ओवाळायला लागल्या. मी माप भरून बोरं, मुरमुरे, रेवड्या, सगळं लेकीच्या डोक्यावरून सोडलं. ती खांदे वर करून, डोळे घट्ट मिटून किंचाळली. गल्लीतली पोट्टी तुटून पडली. त्या झटापटीत कोणाचा तरी पाय तांब्याला लागला, तांब्या कलंडला आणि मोबाइल मुरमुऱ्यात उताणा पडला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी उचलला तेव्हा सगळं आटोपलं होतं. फोन चालूच होता.

"दिसलं का?" मी विचारलं.

"पंखा दिसला," ते म्हणाले. "पन ऐकलं सगळं. हसत होती ना ते?"

"हाव. हसत होती."

मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने म्हणा, रागाने म्हणा, दोन्ही होतं आणि वेगळं करता येत नव्हतं. पाच मिनिटं रडले असेन. नंतर तोंड धुतलं, आलेल्या बायकांना वाण दिलं, एकेक संत्रं आणि तिळगूळ, आणि झाडू घेऊन मुरमुरे गोळा केले. कपाटाखालून तर पुढे आठवडाभर निघत होते.

ते आले मेमध्ये. अमरावतीचं ऊन म्हणजे काय सांगायचं, दुपारी कूलरसमोरून उठवत नाही. काळे पडले होते, गालफडं आत गेली होती. लेक पहिला तासभर लाजली आणि नंतर त्यांच्या पाठीवरून उतरेना. जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "तो फ्रॉक दाखव ना घालून. मले तं पंखाच दिसला होता."

लेक धावत जाऊन घेऊन आली. तिने हात वर केले, त्यांनी स्वतः फ्रॉक तिच्या डोक्यावरून घातला. डोकं निघालं. हातही निघाले, पण बाह्या दंडाला रुतल्या. पाठीचं बटण लागेना. घेर मांडीवर. चारच महिने झाले होते, पण पोरी उन्हाळ्यात काकडीच्या वेलासारख्या वाढतात.

"आखूड शिवला हो तू," ते हसत म्हणाले. "थांब, सोपं हाये." आणि तिला जवळ ओढून त्यांनी घेर उलटा केला. तेही आमच्याकडचेच. लहानपणापासून त्यांना माहीत, घेराच्या आत पुढचं वर्ष ठेवलेलं असतं. दोन बोटांनी ते कडेकडेने चाचपत गेले, पूर्ण गोल, पुढून मागे आणि मागून परत पुढे. माझी बारीक तुरपाई होती. बाकी काही नव्हतं.

"दुमड नाही ठेवली?"

"नाही."

"काहून?"

"त्या दिवशी ते एवढीच होती."

सासूबाई पलंगावर पडल्या होत्या, डोळे मिटून, पण झोपल्या नव्हत्या. ते घेर हातात धरून तसेच बसून राहिले. लेकीला काय झालं कळेना. ती म्हणाली, "बाबा, जास्तीचं होतं ना, ते आईने कापून टाकलं. त्याची माझी फित आहे. दाखवू?"

"दाखव," ते म्हणाले.

तिने फ्रॉकमधून कसंबसं अंग सोडवलं आणि फित आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती हातभर उलगडली, आपली चार बोटं तिच्यावर आडवी ठेवून पाहिली, बरोबर बसली, आणि घडी करून परत दिली. मला त्यांची दया आली. पण मी मदतीला गेले नाही. मी कपाटातून निळ्या कापडाची घडी आणली आणि मधे ठेवली.

"शाळेचा गणवेश हाये," मी म्हटलं. "केजीत जाते ना जूनअखेर. कापड शाळेनं देलं, शिवायचा घरी."

त्यांनी कापडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "मापाचा शिवतं का वाढत्या अंगाचा?"

"ते तुमी सांगा," मी म्हटलं. "शाळेच्या पहिल्या दिवशी पोचवायले तुमी असान, तर मापाचा शिवतो."

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांनी खाली पडलेला काळा फ्रॉक उचलून त्याची घडी केली, आणि या वेळी मी त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकलं नाही. लेक ते निळं कापड डोक्यावर घेऊन आरशासमोर गेली होती.

"टेप कुठं हाये?" ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी तिला हाक मारली, समोर उभं केलं आणि टेपचं टोक तिच्या खांद्यावर धरलं. त्यांना माप घेता येत नाही, टेप उलटा धरला होता. ती गुदगुल्यांनी वाकडी होत होती. "सरळ उभी राय," ते म्हणाले, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागले.